काहिलीच्या सांध्यातील छिद्रे : ओल, तेल आणि लांब आर्क टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातील गुऱ्हाळे दसरा-दिवाळीच्या सुमारास धडधडू लागतात. त्याआधीचे तीन-चार आठवडे दुरुस्तीचे असतात. चुलवाण लिंपले जाते, चरकाचे रूळ तपासले जातात, रसाची टाकी धुतली जाते आणि गेल्या हंगामात पाझरू लागलेल्या काहिलीवर वेल्डिंगचा हात फिरतो. राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडी या तालुक्यांत या दिवसांत हवा अजून दमट असते, भिंती ओलसर असतात आणि मेस्त्रीच्या दुकानातील वेल्डिंग रॉडचे फुटलेले पाकीट पावसाळाभर फळीवर पडून असते. जेव्हा कोरडेपणाची सर्वाधिक गरज, नेमक्या तेव्हाच हवेत सर्वाधिक ओल, असा हा योग आहे. नवीन सांधा दिसायला चकचकीत होतो. परंतु हंगामाच्या पंधराव्या-विसाव्या दिवशी त्याच सांध्याखाली काळपट ओघळ दिसू लागतो. मालक पत्र्याला दोष देतो, मेस्त्री जाळाला. खरा दोष बहुतेक वेळा सांध्याच्या पोटात असतो. त्याला सच्छिद्रता म्हणतात.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ग्राहक आता रंगाबरोबर स्वच्छतेचीही चौकशी करतो. त्यामुळे लोखंडी काहिलीच्या जागी स्टेनलेस स्टीलची काहील, रसाची टाकी, गाळणी, वाफा आणि साचे वापरण्याकडे गुऱ्हाळमालकांचा कल वाढत आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. तथापि स्टेनलेस स्टील विकत घेतले म्हणजे स्वच्छता विकत घेतली असे होत नाही. भांडे जितके चांगले, तितकेच त्याचे सांधेही चांगले असावे लागतात.

छिद्र लहान, परिणाम मोठा

खोडकिडीने पोखरलेला ऊस बाहेरून पाहिला तर कांड्यावर एक लहानसे भोक दिसते. उभा चिरला की आतली लालसर पोकळी कळते. सच्छिद्र सांध्याचेही तसेच असते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे भोक आणि आत कधी गोल बुडबुडे, तर कधी अळीच्या बिळासारखी लांब नळी. अशा नळ्या एकमेकींना मिळाल्या की सांधा आरपार पाझरतो.

रसाच्या टाकीत याचे परिणाम अधिक गंभीर असतात. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी आणि साखरेने समृद्ध असतो. सूक्ष्मजीवांना त्याहून चांगले खाद्य नाही. भोकात शिरलेला रस कुंच्याने निघत नाही व पाण्यानेही धुतला जात नाही. तेथे यीस्ट आणि ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू वाढतात आणि दुसऱ्या दिवशीच्या ताज्या रसाला तेथूनच विरजण लागते. ल्युकोनोस्टॉक हा सुक्रोजचे विघटन करून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतो. सुक्रोज घटला आणि इतर शर्करा वाढल्या की गूळ नीट घट्ट होत नाही, त्याला लवकर पाणी सुटते व साठवणीत तो टिकत नाही. आंबलेल्या वासावर फळमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या गोळा होतात. गुऱ्हाळात माश्या वाढल्या की फवारणीचा विचार होतो. खाद्यपदार्थाच्या जागी फवारणीचा विचार करण्यापूर्वी माशी कुठे बसते हे पाहावे. टाकीच्या एकाच कोपऱ्यावर माश्यांचा घोळका वारंवार दिसत असेल, तर त्या कोपऱ्यातील सांधा तपासणे हा पहिला उपाय आहे.

काहिलीत रस उकळत असल्याने सूक्ष्मजीवांचा धोका कमी असतो. तेथे प्रश्न वेगळा आहे. भोकात अडकलेली साखर करपते, काळे कण गुळात उतरतात, खालच्या जाळामुळे रोज तापणे-थंडावणे चालू राहते आणि कमकुवत झालेला सांधा तडकतो. ऐन हंगामात काहील बंद पडली तर तोडून आणलेला ऊस पडून राहतो. हे नुकसान रॉडच्या एका पाकिटाच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असते.

वायू अडकतो कसा?

रॉडच्या टोकाशी आर्क पेटला की धातू वितळून लहानसे डबके तयार होते. स्टेनलेस स्टील साधारण १४०० ते १४५० अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेला धातू हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू सहज शोषून घेतो. तोच धातू गोठताना इतका वायू धरून ठेवू शकत नाही. वायू बाहेर पडू पाहतो. डबके गोठण्यापूर्वी तो निसटला तर सांधा भरीव होतो, न निसटला तर बुडबुडा तेथेच थिजतो. म्हणजे सच्छिद्रता टाळण्याचे मार्ग दोनच : वायू डबक्यात शिरू न देणे आणि शिरलाच तर त्याला बाहेर पडण्यास अवधी देणे.

वायू येतो तो मुख्यतः चार वाटांनी. रॉडच्या लेपातील ओल, पत्र्यावरील घाण, लांब आर्क किंवा वाऱ्यामुळे आत ओढली गेलेली हवा, आणि चुकीच्या विद्युतप्रवाहामुळे बिघडलेला लेप. या चारही वाटा बंद करता येतात.

पहिली वाट : ओलसर रॉड

गावातील बहुतेक वेल्डर दिवसभर साध्या लोखंडावर, ६०१३ या प्रकारच्या रॉडने काम करतात. त्या रॉडच्या लेपात थोडी ओल असली तरी काम निभावते. ही सवय स्टेनलेस स्टीलच्या रॉडला लावणे हीच मूळ चूक आहे. ३०४ श्रेणीच्या पत्र्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ई ३०८ एल-१६ या रॉडचा लेप हवेतील ओल शोषतो आणि ती ओल आर्कच्या उष्णतेत फुटून हायड्रोजन व ऑक्सिजन देते. पावसाळ्यात पाकीट उघडून रात्रभर तसेच ठेवले, तरी दुसऱ्या दिवशीच्या सांध्यात त्याचा परिणाम दिसू शकतो.

पाकीट काम सुरू करतानाच उघडावे. न उघडलेली पाकिटे जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर ठेवावीत. उघडे राहिलेले रॉड वापरण्यापूर्वी रॉड सुकवण्याच्या विजेच्या ओव्हनमध्ये सुकवावेत. या प्रकारच्या बहुतेक रॉडसाठी २५० ते ३५० अंश सेल्सिअस तापमान आणि एक ते दोन तास ही सर्वसाधारण मर्यादा असते. मात्र पाकिटावर छापलेली सूचना अंतिम मानावी. सुकवलेले रॉड सुमारे १०० ते १५० अंशांवरील हाती धरता येणाऱ्या लहान ओव्हनमध्ये ठेवून एकेक काढून वापरावेत. रॉड पुनःपुन्हा सुकवू नयेत. त्याने लेप ठिसूळ होतो.

उन्हात किंवा चुलवाणाच्या कडेला रॉड ठेवणे हा उपाय नव्हे. उन्हाने वरवरची ओल जाते, लेपात मुरलेली जात नाही. चुलवाणाजवळ उष्णता असमान असते, लेपाला तडे जातात आणि राख बसते. लेप उडालेला, तडकलेला किंवा तेलकट झालेला रॉड फेकून द्यावा. ओव्हनचा खर्च एका गुऱ्हाळाला जड वाटत असेल, तर गावातील चार-पाच गुऱ्हाळमालकांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने मिळून एक ओव्हन घ्यावा. तो मेस्त्रीकडेच ठेवावा.

दुसरी वाट : सांध्यावरील घाण

नव्या पत्र्यावर तेलाचा पातळ थर, प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म आणि खुणेच्या पेनाची शाई असते. जुन्या काहिलीवर करपलेली साखर, मळीचा थर, काजळी आणि चुन्याचे डाग असतात. यांपैकी प्रत्येक गोष्ट जळताना वायू सोडते. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंचा किमान २५ मिलिमीटर पट्टा धातूचा स्वच्छ रंग दिसेपर्यंत साफ करावा. प्रथम गरम पाण्याने साखर विरघळवावी, नंतर पूर्ण कोरडे करावे, तेल असल्यास ॲसिटोनने पुसावे व ॲसिटोन उडून गेल्यावरच आर्क पेटवावा. क्लोरीनयुक्त द्रावके वापरू नयेत. आर्कच्या सान्निध्यात त्यांच्यापासून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

तारेचा ब्रश स्टेनलेस स्टीलचाच असावा आणि तो केवळ याच कामासाठी राखून ठेवावा. लोखंडी तारेचा ब्रश किंवा लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती पत्र्यावर लोखंडाचे कण सोडते. ते कण गंजतात आणि मग "स्टेनलेसलाही गंज चढला" अशी तक्रार होते.

काहिलीच्या कड्या, पाय किंवा आधाराचा अँगल जस्तलेपित असल्यास सांध्याजवळचा जस्ताचा थर घासून पूर्ण काढावा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्याची वाफ सांध्यात भोके पाडते, स्टेनलेस स्टीलला तडे आणू शकते आणि वेल्डरला थंडी-तापासारखा त्रास देते. साधे लोखंड व स्टेनलेस स्टील जोडताना ई ३०९ एल प्रकारचा रॉड घ्यावा.

तिसरी वाट : लांब आर्क आणि वारा

रॉडचा लेप जळून जो वायू तयार होतो, तो डबक्याभोवती पडद्यासारखा राहून बाहेरची हवा दूर ठेवतो. रॉड वर उचलला की हा पडदा फाटतो आणि हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन डबक्यात शिरतात. आर्कची लांबी रॉडच्या आतील तारेच्या जाडीपेक्षा अधिक नसावी. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडसाठी टोक आणि डबके यांत सुमारे ३ मिलिमीटर अंतर, एवढे सूत्र लक्षात ठेवणे पुरेसे आहे. आर्कचा आवाज सलग व तलम असावा. तो फडफडू लागला आणि ठिणग्या दूर उडू लागल्या की आर्क लांबला असे समजावे.

गुऱ्हाळाची शेड बहुधा चारही बाजूंनी उघडी असते. वेल्डिंगच्या वेळी वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री किंवा पत्र्याचा आडोसा लावावा. परंतु धूर कोंडेल इतके बंदिस्त करू नये.

चौथी वाट : चुकीचा विद्युतप्रवाह

स्टेनलेस स्टील विजेला साध्या पोलादाच्या चार-पाच पट विरोध करते आणि उष्णता मात्र त्याच्या सुमारे एक-तृतीयांश वेगानेच वाहून नेते. त्यामुळे रॉड स्वतःच लवकर तापतो. लोखंडासाठी ठेवलेला प्रवाह तसाच ठेवला, तर रॉडचा शेवटचा भाग लालबुंद होतो, लेप वेळेआधी जळतो आणि संरक्षण संपते. प्रवाह लोखंडापेक्षा १० ते २० टक्के कमी ठेवावा. सर्वसाधारण मर्यादा अशा :

- २.५ मिलिमीटर रॉड : ५० ते ८० अँपिअर
- ३.१५ मिलिमीटर रॉड : ८० ते ११० अँपिअर
- ४ मिलिमीटर रॉड : १०० ते १५० अँपिअर

डीसी यंत्रावर रॉड धन टोकाला जोडावा. रॉडच्या नावातील '-१६' या अंकाचा अर्थ तो एसी यंत्रावरही चालतो असा आहे. '-१५' असल्यास डीसीच आवश्यक. गावात विजेचा दाब कमी-जास्त होत असेल तर आर्क अस्थिर होतो. मोटारी बंद असलेली वेळ निवडावी. प्रवाह फार कमी ठेवणेही चूकच. मग डबके लगेच गोठते आणि वायूला सुटण्यास वेळ मिळत नाही.

सुरुवात आणि शेवट

बरीच भोके सांध्याच्या पहिल्या काही मिलिमीटरमध्ये आढळतात. आर्क पेटतो त्या क्षणी संरक्षक वायू पुरेसा तयार झालेला नसतो. म्हणून आर्क प्रत्यक्ष सुरुवातीच्या बिंदूपासून १० ते १५ मिलिमीटर पुढे, सांध्याच्या ओळीतच पेटवावा, मागे सुरुवातीच्या बिंदूवर आणावा आणि मग पुढे जावे. असे केल्याने पेटवलेली जागा पुन्हा वितळते आणि तेथील वायू निघून जातो. रॉड संपताना तो झटक्याने उचलू नये. क्षणभर थांबून, किंचित मागे येऊन खळगा भरावा. नवा रॉड लावण्यापूर्वी स्लॅग झाडून खळगा साफ करावा. दोन थरांमध्ये पत्र्याचे तापमान १५० अंश सेल्सिअसच्या खाली येऊ द्यावे.

दुहेरी पत्रा किंवा ठिगळ लावताना आतली हवा तापून फुगते आणि शेवटच्या बिंदूतून भोक पाडून बाहेर येते. अशा कामात हवेला वाट ठेवावी. अन्नाशी संपर्क येणाऱ्या भांड्याला ठिगळ लावण्याऐवजी खराब भाग कापून तेथे समपातळीत तुकडा बसवणे अधिक चांगले, कारण ठिगळाच्या खालच्या फटीतही रस साचतो. तसेच पत्रा दीड-दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर रॉडच्या वेल्डिंगचा हट्ट धरू नये. ते काम आर्गॉन वायूच्या टिग वेल्डिंगचे आहे.

लक्षणावरून निदान

पानावरील डागांवरून कीड ओळखावी, तसे भोकांच्या जागेवरून कारण ओळखता येते.

- भोके पूर्ण लांबीभर सारखी विखुरलेली : रॉड ओलसर किंवा पत्रा अस्वच्छ.
- फक्त सुरुवातीला : आर्क पेटवण्याची पद्धत चुकीची.
- प्रत्येक रॉडच्या शेवटच्या भागात : प्रवाह जास्त, रॉड लाल होत आहे.
- सांध्याच्या टोकाच्या खळग्यात : आर्क झटक्याने तोडला.
- एकाच ठिकाणी पुंजका : तेथे तेल, साखर किंवा रंग राहिला, अथवा तेथे हात वर गेला.
- अँगल किंवा कडीजवळच : जस्ताचा थर राहिला.

तपासणी आणि दुरुस्ती

स्लॅग काढल्यावर सांधा भिंगाने पाहावा. शंका असल्यास रंगद्रव चाचणी करावी : लाल द्रव लावून ठरावीक वेळाने पुसावा, वर पांढरी पूड फवारावी, भोक असेल तेथे लाल ठिपका उमटतो. चाचणीनंतर भांडे काळजीपूर्वक धुवावे. टाकीसाठी सर्वांत सोपी चाचणी म्हणजे ती पाण्याने भरून रात्रभर ठेवणे व बाहेरून सांध्यावर खडूची पातळ पेस्ट वाळवून ठेवणे. पाझर असेल तेथे खडू ओला दिसतो. ही चाचणी आरपार भोकेच दाखवते, हे मात्र लक्षात ठेवावे.

सापडलेल्या भोकावर वरून आणखी एक थर चढवणे ही सर्रास होणारी चूक आहे. खालचा वायू व अडकलेली घाण पुन्हा तापते आणि नव्या थरातही भोक पाडते. कीडग्रस्त कांडे कापून टाकावे तसा सदोष भाग भरीव धातू दिसेपर्यंत ग्राइंडरने खरवडून काढावा, स्वच्छ करावा आणि मगच पुन्हा वेल्डिंग करावे. शेवटी आतील बाजू गुळगुळीत घासून निळसर-तपकिरी रंगाचा पट्टा काढून टाकावा. त्यासाठी मिळणाऱ्या आम्लाच्या पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते त्वचेतून खोल शिरणारे आम्ल असल्याने प्रशिक्षित व्यक्तीशिवाय कोणीही ते हाताळू नये.

मेस्त्रीचे आरोग्य

स्टेनलेस स्टीलवर रॉडने वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुरात षट्‌संयुजी क्रोमियम आणि निकेल असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश मानवामध्ये कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात केला. खोल काहिलीत किंवा टाकीत डोके घालून काम करणारा वेल्डर हा धूर थेट श्वासात घेतो. तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवू शकत नाही. काहील शेडबाहेर काढून, उताणी न ठेवता आडवी कलती करावी, पंखा धूर बाजूला ओढेल असा पण आर्कवर झोत येणार नाही असा ठेवावा, आणि धातूच्या धुरासाठी योग्य असा श्वसनमुखवटा वापरावा.

फवारणी यंत्राची स्टेनलेस टाकी दुरुस्तीस देताना आणखी दक्षता हवी. कीटकनाशकाचा अंश राहिलेल्या टाकीवर आर्क लागला तर विषारी वायू निर्माण होतात. टाकी किमान तीन वेळा धुवावी, झाकणे व नळ्या काढून उघडी ठेवावी आणि त्यात पूर्वी कोणते औषध होते ते मेस्त्रीला स्पष्ट सांगावे. ही माहिती न देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक प्रात्यक्षिक

हे सर्व व्याख्यानाने पटणार नाही, प्रयोगाने पटेल. उपचारित आणि नियंत्रित वाफे दाखवण्याची पद्धत येथेही उपयोगी पडते. एकाच पाकिटातील चार रॉड घ्यावेत. दोन रात्रभर ओल्या पोत्याजवळ उघडे ठेवावेत, दोन सूचनेप्रमाणे सुकवावेत. एकाच पत्र्याच्या तुकड्यावर, एकाच वेल्डरने, एकाच प्रवाहावर चार ओळी ओढाव्यात आणि प्रत्येक ओळ अर्ध्या जाडीपर्यंत ग्राइंडरने घासून शेजारी-शेजारी ठेवावी. ओल्या आणि सुक्या रॉडमधील फरक शेतकरी व वेल्डर दोघेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील. कोल्हापूर येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडून गूळनिर्मितीचे तांत्रिक मार्गदर्शन मिळते. गावातील आयटीआय-प्रशिक्षित वेल्डरला अशा मेळाव्यांत शेतकऱ्यांच्या बरोबरीने बोलावले पाहिजे.

दुरुस्तीची वेळही बदलता येईल. हंगाम संपताच, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत काहील व टाकी तपासून घेतली, तर मेस्त्रीला घाई नसते, हवेत ओल नसते आणि सदोष सांधा पुन्हा करण्यास सवड असते. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासणारा शेतकरी हंगाम संपताच सांध्याची तपासणीही करू लागला, तर ऐन गाळपात काहील उतरवण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येईल.